बेताल आदेश

पाणी सकाळीच येऊन गेलं. काल ते दुपारी आलं होतं, म्हणून आज सुमेधा दुपारच्या भरवशावर राहिली, आणि आता आम्ही दोघं रिकाम्या कळशा पुढे घेऊन नळाच्या तोंडाकडे बघत बसलो होतो.

"अहो, तुमच्या सरकारला सांगा," ती म्हणाली, "शत्रूला खुशाल चकवा म्हणावं, पण आम्हांला नका चकवू."

"माझं सरकार?"

"मग कुणाचं? पगार कोण देतं तुम्हांला?"

पगार सरकारच देत होतं. मी चिरेबंदरच्या श्रवणकेंद्राचा प्रमुख. भूकंपशास्त्र शिकलो ते जमिनीच्या पोटातलं ऐकायला, आणि युद्ध सुरू झाल्यापासून ऐकतोय गावाच्या पावलांचं. सुमेधा कीर्तनकार. लक्ष्मीनारायणाच्या देवळात ती नऊवारी नेसून, हातात चिपळ्या घेऊन उभी राहिली की मी मागे झांज धरायचो. आमच्या संसारात भांडणं पुष्कळ झाली, पण ती कधी उत्तररंगापर्यंत टिकली नाहीत. मध्यंतरात गजर झाला की राग उतरायचाच.

ते दिवस आदेशाच्या आधीचे.

आदेश का निघाला ते सांगायला हवं. युद्धाच्या पहिल्या पावसाळ्यात शत्रूच्या ड्रोननी आमच्या किनाऱ्यावर, डोंगरांत, खाडीच्या गाळात बोराएवढे खडे पेरले. प्रत्येकाच्या आत एक कान, एक घड्याळ आणि एक बॅटरी. लोकांनी त्यांना नाव दिलं कानखडे. नुसतं ऐकण्यात नवल नव्हतं. जमीन तर सारखीच थरथरत असते: लाटा, वारा, गुरं, मोटारी. एवढ्या गलक्यात एखादा पंप सापडायचा कसा? युक्ती सोपी होती. देवळात शंभर माणसं आपापलं बोलत असली तर रस्त्यावर नुसता कलकलाट ऐकू येतो. त्यांतली दहाच जणं एका तालात 'नारायण, नारायण' म्हणायला लागली, की रस्त्यावरच्या माणसालाही ते नाम स्वच्छ कळतं. कानखडा तेच करायचा. ऐकलेल्या थरथरीचे सारख्या लांबीचे तुकडे पाडायचे आणि ते एकावर एक रचायचे. वारा नि लाटा कधी वर, कधी खाली. रचता रचता त्या एकमेकींना खोडून टाकतात. जे नेमक्या वेळाने परत येतं, तेवढ्याचाच थर चढत जातो. ठोका मिळाला की जागा मिळाली, आणि जागा मिळाली की वरून बॉम्ब.

पहिल्याच वर्षी आमचं पंपघर गेलं. मग पिठाची गिरण गेली, दळणाचे डबे घेऊन उभ्या असलेल्या बायकांसकट. त्यानंतर संरक्षकांनी, म्हणजे देशाच्या सर्वेसर्वांनी, लयनियंत्रण आदेश काढला, आणि तेव्हा तो बरोबरच होता. शिवणयंत्र अडखळत चालवा, मसाला कुटताना मुसळ मध्येच थांबवा, रांगेने चालू नका. गावाने ते मुकाट्याने पाळलं. गिरण सगळ्यांनी पाहिली होती.

पुढे त्या आदेशाला पालवी फुटत गेली. शत्रू दिवसाचीही लय ऐकतो म्हणे. म्हणून शाळेची घंटा, बाजाराचा वार, खाडीतल्या तरीची वेळ, नळाचं पाणी, सगळंच रोज निराळं. देवळातली आरती, मशिदीतली बांग आणि चर्चची घंटा, तिघांनाही रोजची वेळ वरून कळवली जाऊ लागली. या एका बाबतीत सरकारने कुठलाही भेदभाव केला नाही. शाळेत पोरांना लंगडत चालायला शिकवतात. मोठी माणसंही तशीच चालतात. कागदावर लयनियंत्रण, पण लोक त्याला बेताल आदेश म्हणतात, हळू आवाजात.

आता माझं दुखणं ऐका. बोराएवढ्या खड्यात मावेल ती बॅटरी दीड वर्ष चालते, फार ताणली तर दोन. कोळ्यांच्या जाळ्यात आलेले खडे मी स्वतः फोडून बघितलेत. आत नुसती मढी. नवे खडे पडलेले नाहीत, आघाडी केव्हाच उत्तरेला सरकली आहे. युद्धाला पाच वर्षं होत आली. हे सगळं मी आकडेमोडीसकट वर कळवलं. उत्तर एका ओळीचं आलं: 'शत्रूचा हेतू बॅटरीवर चालत नसतो.'

पुढे पुढे माझ्या लक्षात आलं की आदेश कशावर चालतो. वेळ ठरवणं हाच गुन्हा झाल्यावर माणसं भेटणार कधी? कोळ्यांची बैठक नाही. गिरणीत गेलेल्या बायकांच्या घरच्यांनी एकदा कचेरीवर जायचं ठरवलं; एक जण सकाळी गेला, दुसरा दुपारी, तिसरा परवा. कचेरीने तिघांनाही बसवून चहा पाजला आणि परत पाठवलं. खडे मेले होते, पण गावाला विखुरण्याचं काम बिनबोभाट चालू होतं.

कीर्तनाला परवानगी होती, ताल सोडून. कीर्तनाची वेळ जाहीर करायला बंदी होती, तेव्हा सुमेधाने वेगळाच मार्ग काढला. ज्या दिवशी कीर्तन, त्या दिवशी तिची हिरवी नऊवारी अंगणातल्या तारेवर वाळत पडायची. येणारेजाणारे बघायचे आणि सांज व्हायच्या आत देऊळ भरायचं. साडी वाळत घालायची वेळ कुणी अजून वरून कळवत नव्हतं.

अशाच एका दिवशी तिने आख्यान लावलं होतं तिनेच रचलेलं, होडीवाल्यांचं. बारा वल्हेकरी, बाराही जण शहाणे. प्रत्येक जण आपल्या मर्जीने वल्हं मारतो. होडी जागच्या जागी गरगर फिरते, आणि पैलतीरावर उभा असलेला देव म्हणतो, "अरे, मी इथे किती युगं उभा राहू?" लोक हसत होते, डोळे पुसत होते. तबल्यावर आमचे भाऊ मेस्त्री. तबल्यावर म्हणजे तबल्यासमोर. आदेशाप्रमाणे ते कुठेतरी एक थाप द्यायचे, मग बराच वेळ नुसते बसायचे, मग आणखी एक. बेचाळीस वर्षं ठेका धरलेला माणूस. त्यांचा चेहरा उपाशी बसवून पंगतीत वाढायला लावलेल्या माणसासारखा व्हायचा.

सुमेधाने तान घेतली. अशी घेतली की तिला उतरायला समेशिवाय जागाच नव्हती. ओळ समेच्या तोंडाशी आली आणि भाऊंचा हात पडला. त्यांनी पाडला नाही, पडला. आणि एकदा सम आल्यावर पुढचं आवर्तन कोण अडवणार? त्यांनी ठेका धरला. माझ्या हातांत झांज होती, ती कधी वाजायला लागली मला कळलं नाही. अख्खं देऊळ 'नारायण, नारायण' म्हणत होतं, वर्षानुवर्षांनी एका ठोक्यावर, आणि खरं सांगतो, त्या घटकेला गाभाऱ्यातली मूर्ती मला हसल्यासारखी दिसली.

दुसऱ्या दिवशी भाऊंना शिस्त शिबिरात नेलं. तबला-डग्गाही नेला.

देवळातला ठोका आमच्या केंद्राच्या यंत्रात उमटला होता, आणि ते यंत्र नोंद परस्पर वर पाठवतं. तिथे माझं काही चालत नाही. नोंद कशाची, हे मात्र केंद्रप्रमुखाने प्रमाणित करायचं असतं: वारा, लाट, वाहन की माणूस. 'माणूस' लिहिलं की शिक्षा कायम. काहीच लिहिलं नाही, की शिक्षाही नाही आणि सुटकाही नाही.

"वारा लिहा," सुमेधा म्हणाली.

"दोनशे जणांनी तबला ऐकलाय. उद्या तपासणी आली तर मीही आत."

"मग माणूस लिहिणार?"

"तेही नाही लिहिणार."

"म्हणजे भाऊंना लटकवून ठेवणार."

"सुमेधा, मी शास्त्र शिकलेला माणूस आहे. तबल्याला वारा कसा म्हणू?"

ती भाकरी थापत होती. थापण्यालाही आता ताल नव्हता. दोन थापा, थांबणं, एक थाप. भाकरी कडेला फाटली. तिने ती तशीच तव्यावर टाकली. "मेलेल्या खड्यांना जिवंत धरून इतकी वर्षं नोंदी करताय," ती म्हणाली, "ते शास्त्र का?"

त्यानंतर ती माझ्याशी कामापुरतंच बोलायची. तारेवर हिरवी साडी पडली नाही ती नाहीच.

अशात मनोबल अधिकारी जगदाळे घरी आले. माणूस घाटावरचा, बोलायला गोड. ओसरीवर बसून त्यांनी आधी पाणी मागितलं, मग ते नाही म्हणून स्वतःच ओशाळले.

"ताई, मला कीर्तनाची फार आवड. आमच्या आजीनं मला मांडीवर घेऊन ऐकवलंय."

"मग आजी तुम्हांला बघून खूश असेल," सुमेधा म्हणाली.

जगदाळ्यांनी ते गिळलं. आदेशाला चार वर्षं होत होती, त्याचा सोहळा बंदराच्या मैदानावर व्हायचा होता. संरक्षक राजधानीतून पडद्यावर बोलणार. त्याआधी ताईंनी एक कीर्तन करावं, तालाशिवाय. शिस्तीचा नमुना म्हणून सगळ्या देशाला दिसेल. आणि बांदिवडेकर साहेबांनी, म्हणजे मी, यंत्र घेऊन हजर राहावं, एवढ्या गर्दीतही ठोका उमटला नाही असं प्रमाणित करायला.

"आणि भाऊ मेस्त्री?" सुमेधाने विचारलं.

"बघतो ना मी. शब्द टाकतो."

"तुमचा शब्द कुठल्या वेळी येतो? पाण्यासारखा?"

तरी ती हो म्हणाली. भाऊंसाठी ती कुठेही उभी राहिली असती.

मैदानावर चारेक हजार माणसं आणून बसवली होती. सुमेधाने तेच होडीवाल्यांचं आख्यान लावलं. जगदाळ्यांनी ते आधी ऐकून मंजूर केलं होतं. त्यांना वाटलं, विनोदी आहे. तिच्या बाजूला तबलजीची गादी मांडली होती, रिकामी. मध्यंतरात कीर्तनकाराला हार घालतात, साथीदारांनाही घालतात. सुमेधाने आपल्या गळ्यातला हार काढला आणि त्या गादीवर ठेवला, बुक्का लावला.

"हे काय, ताई?" जगदाळे कडेने कुजबुजले.

"साथीदाराचा मान असतो, साहेब. साथीदार तुमच्याकडे आहे."

मग पडदा उजळला. संरक्षक काय बोलले ते मी सांगत नाही. तुम्ही ते भाषण ऐकलेलंच आहे, कुठलंही आठवा. भाषण संपलं आणि टाळ्या सुरू झाल्या. टाळ्यांचाही नियम होता: ज्याने त्याने आपापल्या वेगाने वाजवायच्या, शेजाऱ्याकडे बघायचं नाही. थांबायचं केव्हा, तर पडद्याखालचा हिरवा दिवा विझल्यावर. तो दिवा राजधानीत बसलेला कुणीतरी विझवणार होता, आणि त्याला बहुधा आधी थांबवायची भीती वाटत असावी. दिवा जळतच राहिला.

इथे निसर्गाचा एक नियम आहे, तो कुठल्या आदेशाला विचारून चालत नाही. टाळ्या सुरू होतात तेव्हा माणसं घाईने वाजवतात, प्रत्येकाचा वेग वेगळा, नुसता सडा पडल्यासारखा आवाज. पण हात दुखायला लागतात. माणूस सावकाश होतो, वेग जवळजवळ निम्मा होतो. आणि सावकाश वाजवताना कान मोकळे होतात. शेजारची टाळी आपल्या टाळीच्या किंचित आधी आली, तर आपला हात न कळत थोडा लवकर मिटतो. नंतर आली, तर थोडा थांबतो. कुणी ठरवत नाही. एकाच भिंतीवर टांगलेली दोन लंबकाची घड्याळं काही वेळाने एकत्र डुलायला लागतात, त्यातलाच हा प्रकार. प्रत्येक जण शेजाऱ्याला केसभर ओढतो, आणि सगळे मिळून एका जागी येतात.

मी यंत्रावर बघत होतो. सपाट रेघेवर एक अंकुर आला. मग खांब. मग तो खांब यंत्राच्या काचेच्या वर निघून गेला. मी मान वर केली. चार हजार माणसं एका ठोक्याने टाळ्या वाजवत होती. पायाखालची वाळू ठोक्याठोक्याला उडत होती. मंचावर सुमेधा हात जोडून, डोळे मिटून उभी होती, आणि तिच्या पायाचा अंगठा हलत होता.

आधी लोकांना कळलंच नाही. मग कळलं. कळल्याबरोबर टाळ्या तुटल्या. बायकांनी पोरं पोटाशी धरली. मैदानभर सगळी माणसं आकाशाकडे बघत राहिली. गिरणीवर पडलेला बॉम्ब ठोका सापडल्यावर लगेच आला होता. आम्हां सगळ्यांना ते पोटातून ठाऊक होतं. मी शास्त्राच्या जोरावर सांगत होतो की खडे मेलेत, तरी मीही वरच बघत होतो.

आकाशात एक टिटवी ओरडत गेली. समुद्र वाजत राहिला.

मागून एका म्हातारीचा आवाज आला, "अजून कसो येवक नाय तो?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. मग कुणीच हसलं नाही. चार वर्षं लंगडत चाललेल्या माणसांनी एकमेकांकडे बघितलं. मेलेल्या खड्यांबद्दलचा माझा अहवाल वर कुणी वाचला नव्हता. तो इथे सगळ्यांनी एकदम वाचला.

पडद्याखालचा दिवा आता विझला.

जगदाळ्यांनी मला दंडाला धरून यंत्राच्या तंबूत नेलं. घामाने त्यांची कॉलर भिजली होती. "नोंद वर गेली?"

"ती परस्परच जाते."

"वारा लिहा. लगेच. सोसाट्याचा वारा."

"साहेब, त्या टाळ्या होत्या. चार हजार माणसांच्या. तुमच्यासकट."

"माझ्या?"

"तुमचे हातही त्याच ठोक्यात होते. मी बघितलं."

त्यांनी आपल्या तळव्यांकडे बघितलं. लाल झाले होते. मला त्या माणसाची कीव आली, आणि पाठोपाठ स्वतःचीही.

"माझ्याकडे दोन नोंदी अडल्यात," मी म्हणालो. "एक देवळातली, एक इथली. दोन्ही सारख्याच. दोन्हींना मी एकच कारण लिहिणार. माणूस लिहू? चार हजारांना पुरेल एवढं शिबिर आहे तुमच्याकडे?"

"बांदिवडेकर, तुम्ही मला धमकावताय."

"नाही हो. विचारतोय. मला एकाच शब्दाची सही करायचीय, तो तुम्ही सांगा."

त्यांनी रुमालाने कॉलर पुसली. मग म्हणाले, "दोन्हीकडे वारा."

मी लिहिलं. भूकंपशास्त्रातली माझी सगळी विद्या त्या एका खोट्या शब्दात जिरली. सही करताना मनात काही पवित्र वगैरे वाटलं नाही, चीड आली. खरं लिहिलं असतं तर निर्दोष माणूस आत सडला असता, आणि ज्यांनी हे सगळं उभं केलं त्यांचा केससुद्धा वाकडा झाला नसता.

तो झालाही नाही. आठवड्याभरात आदेशाला नवी पुरवणी आली: टाळ्या वाजवायला बंदी. आनंद दोन्ही हात वर करून, आवाज न करता व्यक्त करावा. शाळेत पोरांना तेही शिकवायला लागले. बॉम्ब का आला नाही? तर नागरिकांच्या शिस्तीमुळे. वर्तमानपत्रात तसं छापून आलं.

पण भाऊ मेस्त्री घरी आले. मध्ये किती दिवस गेले ते मी मोजले नाहीत. मोजून चालत नसे. ते आले तेव्हा सुमेधा त्यांना बघून दारातच रडली. माणूस निम्मा झाला होता. तबला-डग्गा परत मिळाला होता. त्याच संध्याकाळी हिरवी नऊवारी तारेवर पडली.

देऊळ भरलं. भाऊ गादीवर बसले. सुमेधाने नमन केलं, मागे वळून त्यांच्याकडे बघितलं, मान हलवली. भाऊंनी हात टाकला. दोन मात्रा नीट पडल्या, तिसरी अडखळली, चौथी आलीच नाही. त्यांनी पुन्हा धरलं. पुन्हा तुटलं. शिबिरात त्यांना रोज लाकडी फळीवर वेडीवाकडी थाप मारायला बसवत, ठोका सरळ पडला की जेवण बंद. बेचाळीस वर्षांचा हात त्यांनी तेवढ्या दिवसांत मोडून ठेवला होता.

"वयनी," भाऊ खाली बघून म्हणाले, "हात आयकणा नाय माझो. दुसऱ्या कोणाक बसव."

सुमेधाने चिपळ्या खाली ठेवल्या. देवळात असा शुकशुकाट झाला की समईची वात तडतडलेली ऐकू आली.

मग कुठून तरी एक आवाज आला. टाळी नव्हे, टाळीला बंदी होती. कुणीतरी लुगड्याच्या पदराखाली मांडीवर तळवा आपटत होतं. दबका, मऊ. मग शेजारी आणखी एक. मग खांबाला टेकलेले कोळी, दाराशी उभी पोरं. पहिल्यांदा सगळे वेगवेगळे, नुसता सडा. मग सावकाश. मग एक. जमिनीवरच्या सतरंजीतून तो ठोका माझ्या पायांत चढला.

भाऊ मान खाली घालून ऐकत होते. त्यांचं बोट डग्ग्यावर एकदा पडलं, चुकीचं. पुढच्या वेळी कमी चुकीचं. देऊळ थांबलं नाही. त्यांना केसभर ओढत राहिलं, केसभर. आणि पाचव्या-सहाव्या आवर्तनाला भाऊंची थाप समेवर येऊन बसली, वाट चुकलेलं वासरू संध्याकाळी आपल्या गोठ्यात येतं तशी. सुमेधाने चिपळ्या उचलल्या.

"देवाला ताल लागत नाही," ती म्हणाली. "तो माणसांना लागतो. म्हणून तर देवाने दिला." आणि तिने आख्यान लावलं, होडीवाल्यांचंच.

मी झांज वाजवत होतो आणि मला ठाऊक होतं, टेकडीवरच्या केंद्रात रेघ वर चढत असणार. नोंद परस्पर जाणार. उद्या ती माझ्यापुढे येणार.

आलीच. सकाळी फोन वाजला.

"बांदिवडेकर," जगदाळे म्हणाले. आवाज दमलेला होता. "कालची नोंद. देवळाच्या बाजूची. काय होतं ते?"

खिडकीबाहेर पान हलत नव्हतं.

"वारा, साहेब."

त्यांच्या खिडकीबाहेरही पान हलत नसणार.

"एवढा?" ते म्हणाले.

"हो, साहेब. वाढतोय."